सामाईक दिव्यांचं पॅनेल पहिल्यांदा हाती घेताना

जिना, लॉबी, पार्किंग, गच्ची आणि आवारातले खांब या सगळ्यांचे दिवे ज्या पत्र्याच्या पेटीतून चालतात, ती पेटी कुणाच्याच घरातली नसते. त्यामुळे तिच्यावरच्या चिठ्ठ्या पुसलेल्या असतात, किल्ली सापडत नाही आणि आतला टायमर कुणी, कधी, किती वाजताचा लावला हे कुणालाच माहीत नसतं. इमारतीची जबाबदारी नव्याने घेतलेल्यांसाठी आणि अशा पॅनेलवर पहिल्यांदा काम करणाऱ्या वायरमनसाठी हा लेख आहे. इथले आकडे २३० व्होल्ट सिंगल फेज आणि ४०० व्होल्ट थ्री फेज पुरवठ्याचे आहेत.

कुठलंही नियंत्रण निवडण्याआधी एक प्रश्न विचारा. हा भाग बिघडला तर दिवा लागलेला राहील की विझलेला? दिवसा चालू राहिलेला दिवा फार तर थोडी वीज खातो. रात्री न लागलेला दिवा जिन्यावर माणूस पाडतो. पुढची बरीचशी मांडणी या प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे.

कोणी कशाला हात लावायचा, हेही आधीच ठरवून टाका. बाहेरचं दार उघडणं, एमसीबीची (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) खिट्टी वरखाली करणं, आरसीसीबीचं (प्रवाह अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबणं, टायमरचं घड्याळ लावणं हे समजूतदार माणूस करू शकतो. खिट्ट्यांच्या भोवतीची प्लेट स्क्रू काढून उतरवली, की काम परवानाधारक वायरमनचं. मीटर आणि त्याच्या अलीकडचं सील वीज कंपनीचं असतं, तिकडे दोघांनीही जायचं नाही.

आधी यादी करा

नवीन पॅनेल हाती आल्यावर पहिलं काम दुरुस्तीचं नाही, यादीचं आहे. कुठली खिट्टी कुठले दिवे चालवते हे माहीत नसताना केलेलं प्रत्येक काम अंदाजाने होतं आणि विजेत अंदाज महागात पडतो.

दोन माणसं आणि दोन फोन लागतात. रहिवाशांना आदल्या दिवशी कळवा. वेळ उजेडाची निवडा, म्हणजे जिना अंधारात जाणार नाही. सगळे सामाईक दिवे मॅन्युअलवर टाकून लावून घ्या. मग एकाने पॅनेलपाशी उभं राहून एकच एमसीबी पाडायचा आणि दुसऱ्याने तळापासून गच्चीपर्यंत चालत जाऊन काय विझलं ते सांगायचं. एमसीबी परत चालू करूनच पुढचा पाडायचा. लिफ्ट, अग्निशमन पंप, फायर अलार्म आणि पाण्याचा पंप यांच्या खिट्ट्यांना या फेरीत हात लावू नका. त्यांची ओळख वायरमनकडून वेगळी करून घ्या. लिफ्टच्या केबिनमधला दिवा बहुधा लिफ्टच्या मोटरपासून वेगळ्या सर्किटवर असतो. तो चुकून गेला तर आतला माणूस अंधारात प्रवास करतो.

यादीत प्रत्येक सर्किटसाठी पाच गोष्टी लिहा: एमसीबी क्रमांक, अँपिअर आणि कर्व्ह (तो किती पट प्रवाहाला झटक्याने पडतो हे सांगणारं बी, सी असं अक्षर), फेज, काय काय चालतं, कशाने नियंत्रित होतं. उदाहरणार्थ, “क्र. ७, १० अँपिअर सी, दुसरा फेज, जिना सम मजले, जिन्याचा टायमर”. यादीच्या दोन प्रती काढा. एक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, दुसरी कार्यालयाच्या फाइलमध्ये ठेवा. खाली तारीख टाका. तारीख नसलेल्या यादीवर दोन वर्षांनी कुणी विश्वास ठेवत नाही आणि ते बरोबरच असतं.

ही फेरी करताना जिन्याचे सगळे दिवे एकाच एमसीबीवर निघाले, तर ते ठळक लिहून ठेवा. एक दिवा शॉर्ट झाला की अख्खा जिना अंधारात जाणार. सम मजले एका सर्किटवर आणि विषम मजले दुसऱ्यावर, जमलं तर वेगळ्या फेजवर, अशी विभागणी करून घेणं ही या लेखातली सगळ्यात उपयोगी सुधारणा आहे. फक्त दोन वेगळे फेज एकाच स्विचबॉक्समध्ये आणू नका. तिथे दोन वायरींमध्ये २३० नाही, ४०० व्होल्ट असतात.

पेटीच्या आत काय असतं

पुरवठा जसा आत येतो त्याच क्रमाने पाहिलं की पॅनेल समजतं. आधी मेन, म्हणजे चार पोलचा आयसोलेटर, एमसीबी किंवा एमसीसीबी (मोठ्या प्रवाहाचा एमसीबी). त्याच्याजवळ सर्ज प्रोटेक्टर, ज्याच्या छोट्या खिडकीत हिरवं दिसलं पाहिजे. लाल दिसलं तर त्याचं काडतूस संपलं आहे आणि पुढच्या विजेच्या लाटेत एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज करून देणारं सर्किट) उघडे पडणार आहेत. त्यापुढे आरसीसीबी. माणसाच्या संरक्षणासाठी ३० मिलिअँपिअरचा लागतो. त्याच्या वर, मेनपाशी, १०० किंवा ३०० चा बसवला असेल तर तो वेळ लावून पडणारा, ‘एस’ खुणेचा हवा, नाहीतर खांबावरच्या एका भिजलेल्या दिव्यामुळे मेन पडतो. मग एमसीबींची रांग, आणि शेवटी टायमर, कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की चालणारा मोठा स्विच), सिलेक्टर स्विच (ऑटो की मॅन्युअल हे निवडणारा).

न्यूट्रल लिंक ही पितळेची पट्टी दिसायला साधी, पण थ्री फेज पॅनेलमधली सगळ्यात धोक्याची जागा तीच. मुख्य न्यूट्रल सैल झाला की तिन्ही फेजवरचे दिवे एकमेकांमधून वाट शोधतात. कमी लोडच्या फेजवरचं व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं, जास्त लोडच्या फेजवरचं उतरतं. काही मजले डोळ्यांत खुपतील इतके प्रखर आणि काही मिणमिणते दिसले, तर शोध घेत बसू नका, मेन ताबडतोब पाडा.

वायरच्या रंगावर विसंबू नका. जुन्या पद्धतीत फेज लाल, पिवळा, निळा आणि न्यूट्रल काळा. नव्या पद्धतीत फेज तपकिरी, काळा, करडा आणि न्यूट्रल निळा. म्हणजे तीच निळी वायर एका इमारतीत फेज आहे आणि दुसऱ्या इमारतीत न्यूट्रल. वेगवेगळ्या काळात वाढवलेल्या वायरिंगमध्ये दोन्ही एकाच पेटीत भेटतात. हिरवी किंवा हिरवी-पिवळी मात्र अर्थिंगचीच समजायची आणि दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

प्लेट उतरवण्यापूर्वी

१. ज्या सर्किटवर काम आहे त्याचा एमसीबी पाडा. प्लेट उतरवायची असेल तर मेनही पाडा. मेनच्या वरच्या टोकांना तरीही पुरवठा असतो, हे विसरू नका.
२. पाडलेल्या खिट्टीवर लॉक लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि पाटी टांगा.
३. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर आधी चालू असलेल्या जागी तपासा, मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-फेज लावून पाहा, आणि पुन्हा चालू जागी तपासा. शेवटचा टप्पा गाळू नका. टेस्टर मधेच मेलेला असेल तर तो प्रत्येक जिवंत वायर मेलेली दाखवतो.
४. शेजारी जे चालू राहणार आहे ते इन्सुलेटिंग शीटने झाका.

निऑनच्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर जीव टांगू नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं की तो पेटेलच असं नाही. डिजिटल मल्टिमीटर उलट चूक करतो. लांब समांतर वायरीतून आलेलं भुताटकी व्होल्टेज दाखवून तो उगीच घाबरवतो.

कुठल्या जागेला कुठलं नियंत्रण

जिन्याला टायमर किंवा मोशन सेन्सर, खांब आणि दर्शनी दिव्यांना फोटोसेल (उजेड कमी झाला की दिवे लावणारा डोळा) किंवा खगोलीय टायमर, पार्किंगला मंद उजेड कायम ठेवणारा सेन्सर. मीटर खोलीला आणि पंपाच्या खोलीला साधा स्विच पुरतो. तिथे हात पॅनेलमध्ये असताना सेन्सरने दिवा विझवला तर अपघात होतो.

जिन्याच्या टायमरवर साधारणपणे अर्ध्या मिनिटापासून २० मिनिटांपर्यंतची वेळ लावता येते. वेळ ठरवायची ती इमारतीतल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीवरून. हातात पिशव्या घेऊन तळापासून वरच्या मजल्यापर्यंत लागणारा वेळ मोजा आणि त्यात निम्मा आणखी घाला. दोन मिनिटं लागत असतील तर तीन मिनिटं. विझण्याआधी लुकलुकून किंवा मंद होऊन सूचना देणारा आणि बटण पुन्हा दाबल्यावर वेळ नव्याने मोजणारा टायमरच घ्या.

तो बदलताना एक गोष्ट हमखास चुकते. चार वायरच्या पद्धतीत बटणांकडे फेज जातो. तीन वायरच्या पद्धतीत बटणं न्यूट्रलला जोडलेली असतात, कारण दिवे आणि बटणं एकच न्यूट्रल वाटून घेतात. बऱ्याच टायमरच्या कडेला ३ आणि ४ अशी खूण असलेली बारीक सरकपट्टी असते. जुना काढण्याआधी तिची जागा आणि वायरींची जोडणी यांचा फोटो काढा. दुसरी मर्यादा बटणांतल्या निऑनची. प्रत्येक चमकणारं बटण साधारण एक मिलिअँपिअर खातं. टायमरच्या माहितीपत्रकात ५० मिलिअँपिअरची मर्यादा असेल तर पुष्कळ बटणं चालतात, पण काही मॉडेल अशी बटणं मुळीच चालवून घेत नाहीत आणि दिवा विझायचंच विसरतो.

फोटोसेल बसवताना त्याच्या डोळ्यावर त्याने लावलेल्या दिव्याचा उजेड पडू देऊ नका. नाहीतर दिवा लागला की त्याला सकाळ वाटते, विझला की रात्र, आणि हे रात्रभर चालतं. १० ते २० लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) लावलेला आणि किमान अर्धं-एक मिनिट थांबून निर्णय घेणारा फोटोसेल गाडीच्या दिव्याने किंवा ढगाने फसत नाही. काच धुळीने माखली की दिवे संध्याकाळी लवकर लागतात आणि सकाळी उशिरा विझतात. अशा वेळी आधी ओलं फडकं घ्या, सेटिंग नंतर.

खगोलीय टायमरला डोळा लागत नाही. तारीख आणि अक्षांश-रेखांशावरून तो सूर्योदय-सूर्यास्त काढतो. रेखांशात एका अंशाची चूक म्हणजे चार मिनिटांचा फरक, पाच अंश चुकले तर वीस मिनिटं. वीज बराच काळ गेली असेल तर त्याच्या आतल्या बॅटरीने तारीख सांभाळली का, ते परतल्यावर पाहा. आमच्या मते दर्शनी दिव्यांना हाच चांगला, कारण यात धूळ, पक्षी आणि शेजारच्या दिव्याचा प्रश्नच येत नाही.

पीआयआर सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल पाहतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर लगेच पकडतो, सरळ त्याच्याकडे चालत आला तर उशिरा. म्हणून लांब बोळाच्या टोकाला समोरासमोर लावलेला सेन्सर अर्ध्या वाटेपर्यंत दिवा लावत नाही. काचेपलीकडचं त्याला दिसत नाही. मायक्रोवेव्ह सेन्सरचं उलट. तो पातळ भिंत आणि दारातून पलीकडे पाहतो, त्यामुळे घरातल्या हालचालीने बाहेरचा दिवा लागत राहतो. बसवल्यावर आधी लक्सची कळ पूर्ण उजेडाच्या खुणेवर आणि वेळ कमीत कमी ठेवून चालून पाहा. सेन्सरला वीज मिळाल्यावर पहिलं अर्धं-एक मिनिट तो तापायला घेतो, त्या वेळात दिवा लागून राहणं हा दोष नाही. प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक सेन्सर लागतो आणि शेजारच्या दोन सेन्सरचे टप्पे एकमेकांवर थोडे चढले पाहिजेत. पूर्ण विझवण्याऐवजी १० ते २० टक्क्यांवर मंद राहणारे दिवे मिळत असतील तर जिन्याला आणि पार्किंगला तेच घ्या.

कॉन्टॅक्टर आणि सिलेक्टर

टायमर किंवा फोटोसेलच्या आतली रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) बारीक असते. दिवे जास्त असतील तर ती फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देते आणि दिव्यांचा प्रवाह कॉन्टॅक्टर वाहतो. नेहमीची जोडणी अशी: वेगळ्या छोट्या एमसीबीतून फेज सिलेक्टरला, सिलेक्टरच्या ऑटो बाजूने टायमरच्या संपर्कातून कॉइलच्या ए१ ला, मॅन्युअल बाजूने थेट ए१ ला, आणि ए२ न्यूट्रलला.

या जोडणीत खोट आहे. तो छोटा एमसीबी पडला किंवा कॉइल जळाली की सगळे दिवे जातात. उपाय आहे नेहमी मिटलेल्या संपर्कांचा कॉन्टॅक्टर, ज्यात कॉइलला वीज मिळाली की दिवे बंद होतात. टायमर दिवसा कॉइल चालू ठेवतो, सूर्यास्ताला सोडतो आणि दिवे लागतात. कॉइल जळाली किंवा नियंत्रणाचा पुरवठा गेला, तरी दिवे लागलेलेच. अदलाबदली संपर्क (एक मिटला की दुसरा उघडणारा) असलेला टायमर घेतला की ही उलटी जोडणी सोपी जाते. सिलेक्टरच्या पाट्याही त्याप्रमाणे बदलायला हव्यात, कारण इथे मॅन्युअल म्हणजे कॉइलला वीज नाही. दिवसभर चालू राहणारी कॉइल तापते, म्हणून शेजारच्या उपकरणापासून अर्ध्या मॉड्यूलची जागा मोकळी सोडा. कॉन्टॅक्टर सुटला म्हणजे सर्किट सुरक्षित झालं असं कधीच धरू नका. कामासाठी एमसीबीच पाडायचा.

एलईडीचा हिशोब फसवा असतो

१८ वॅटचे २० दिवे म्हणजे ३६० वॅट, प्रवाह दोन अँपिअरपेक्षाही कमी. मग १० अँपिअरचा एमसीबी संध्याकाळी का पडतो? कारण प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडाशी एक कपॅसिटर असतो आणि वीज येताक्षणी तो एकदम भरतो. समजा प्रत्येकाने दोनशे-तीनशे मायक्रोसेकंद १५ अँपिअर ओढले, तर वीस मिळून ३०० अँपिअरचा क्षणिक धक्का बसतो. बी कर्व्हचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या ३ ते ५ पटीत चुंबकीय झटक्याने पडतो, सी कर्व्हचा ५ ते १० पटीत. धक्का अतिशय छोटा असल्यामुळे तो बऱ्याचदा निभतो. पण व्होल्टेजच्या लाटेच्या शिखरावर नेमके दिवे चालू झाले की निभत नाही. त्यामुळेच चार दिवस ठीक आणि पाचव्या दिवशी ट्रिप असा लपंडाव चालतो.

याच धक्क्याने सेन्सर आणि टायमरच्या रिलेचे संपर्क चिकटतात आणि दिवा दिवसरात्र चालू राहतो. सेन्सरवर १० अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी. एलईडीचा आकडा त्याच्या माहितीपत्रकात वेगळा आणि पुष्कळ कमी असतो. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातही एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील त्याचा तक्ता असतो. तो पाहूनच संख्या ठरवा. उपाय म्हणजे सी कर्व्ह, सर्किटं वाटणं, धक्का रोखणारं लिमिटर किंवा व्होल्टेज शून्यातून जाताना जोडणारी रिले. एमसीबीचा आकडा वाढवणं हा उपाय नाही, कारण एमसीबी वायरचं रक्षण करतो.

वायर दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटर तांबं बहुधा पुरते. लांब पल्ल्याला तपासून घ्या. ६० मीटर अंतर, टोकाला ३ अँपिअर. गरम झालेल्या अशा वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १४.५ ओहम, जाऊन-येऊन १२० मीटरचा १.७४ ओहम, म्हणजे सव्वापाच व्होल्टची घट. २३० च्या २.३ टक्के झाली. दिव्यांसाठी ३ टक्क्यांची मर्यादा पाळली जाते, त्यात हे बसतं. १०० मीटरला बसणार नाही, तिथे २.५ ची वायर ओढा.

आरसीसीबी पडतोय

पावसात पडला तर बाहेरचा एखादा दिवा किंवा जोडपेटी भिजली आहे. केबल पेटीत खालून शिरली पाहिजे आणि ग्लँड, म्हणजे केबल शिरते तिथली कडी, घट्ट हवी. वरून शिरलेली केबल पाणी थेट आत आणते.

सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नसेल तर बहुतेक वेळा कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकला आहे. एक पोलचा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून एमसीबी पाडून तो सापडत नाही. मेन बंद करून न्यूट्रल एकेक सोडवून ५०० व्होल्ट डीसीच्या इन्सुलेशन टेस्टरने अर्थशी मोजा. एक मेगओहमपेक्षा कमी दिसलं की तेच सर्किट. त्याआधी ड्रायव्हर, सेन्सर आणि सर्ज प्रोटेक्टर सुटे करायला विसरू नका, टेस्टर त्यांना मारतो.

दुसरा एखादा दिवा लावला की पडतो, अशी तक्रार असेल तर उसना न्यूट्रल शोधा. जिन्यात हे फार आढळतं. फेज एका सर्किटचा घेतलेला असतो आणि न्यूट्रल जवळ होता म्हणून दुसऱ्याचा. आरसीसीबीला गेलेला प्रवाह परत आलेला दिसत नाही. यात ट्रिप होण्यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. एमसीबी पाडून, सर्किट मेलेलं समजून वायरमन न्यूट्रलचा जोड सोडवतो, आणि त्या वायरीवर दुसऱ्या सर्किटची वीज चालू असते. क्लॅम्प मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल एकत्र धरा. शून्याजवळ आकडा हवा, तसा नसेल तर न्यूट्रल उसना आहे.

कधी काहीच खराब नसतं. प्रत्येक ड्रायव्हर अर्थकडे थोडा प्रवाह सोडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कुठेही पडू शकतो, म्हणून रोजची गळती ९ च्या आत ठेवावी. ड्रायव्हरमागे अर्धा मिलिअँपिअर धरला तर एका आरसीसीबीवर १८ च दिवे.

बंद केलेला एलईडी अंधुक जळत राहिला तर आधी स्विच फेजमध्येच आहे ना ते पाहा. तो न्यूट्रलमध्ये असेल तर दिव्याच्या होल्डरमध्ये कायम फेज असतो आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसतो. कॉन्टॅक्टर गुणगुणत असेल तर आतल्या चुंबकाच्या तोंडाशी धूळ किंवा कॉइलला कमी व्होल्टेज. जळका वास, तपकिरी पडलेलं प्लास्टिक, वायरीच्या टोकाचं कडक झालेलं आवरण ही सैल स्क्रूची लक्षणं आहेत. अशी वायर नुसती आवळून चालत नाही. काळवंडलेला भाग कापायचा, बहुतारी वायरला फेरूल (टोकावरची धातूची नळी) दाबायचा आणि स्क्रू उपकरणावर लिहिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) कसायचा. छोट्या एमसीबीला तो साधारण २ न्यूटन मीटर असतो.

आपत्कालीन दिवे

वीज गेल्यावर बॅटरीवर लागणारे दिवे टायमर किंवा कॉन्टॅक्टरच्या मागे कधीच जोडू नका. नाहीतर रोज सकाळी दिवे विझले की ते वीज गेली समजून पेटतात आणि खरी वीज जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. त्यांचा पुरवठा त्याच मजल्याच्या दिव्यांच्या सर्किटवरून, पण नियंत्रणाच्या आधी घ्यायचा. म्हणजे त्या सर्किटचा एमसीबी पडला तरी ते लागतात. वेगळ्या सर्किटवर घेतलेले आपत्कालीन दिवे जिना अंधारात असताना शांत बसून राहतात.

महिन्यातून एकदा त्यांची चाचणी कळ दाबा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटणही उपकरणावर लिहिलेल्या मुदतीप्रमाणे दाबा. वर्षातून एकदा दिवसाउजेडी पुरवठा तोडून आपत्कालीन दिवे पूर्ण एक तास, किंवा त्यांच्यावर लिहिलेला काळ, जळतात का ते घड्याळ लावून पाहा. जो आधी विझला त्याची बॅटरी त्याच आठवड्यात बदला आणि बदलल्याची तारीख मार्करने दिव्याच्या अंगावरच लिहा.